एसी केबिनमध्ये, बचत अभ्यासिकेत

कार्बन उत्सर्जन कमी करण्याला माझा विरोध नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं अर्धवट वाचून "हिला पर्यावरणाचं काही पडलेलं नाही" असे मेसेज पाठवणारे आपल्यात कमी नाहीत. पृथ्वी तापते आहे, माणसाच्या करणीने तापते आहे, आणि पहिला चटका आपल्याच वस्त्यांना बसतो आहे. यात वाद नाही. माझं भांडण त्यापुढच्या प्रश्नावर आहे. कॉलेजच्या आवारातलं उत्सर्जन कमी करायचं म्हणजे नेमकं कुणाचं? आणि बचत करायची ती कुणाच्या वाट्याचं कापून?

विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत फिरा. ‘हरित परिसर’, ‘प्लास्टिकमुक्त परिसर’, ‘ऊर्जा वाचवा’ अशा पाट्या कॉलेजांच्या गेटवर दिसतील. सगळ्यांनाच एकदम झाडांचा पुळका का आला? उत्तर सोपं आहे, नॅक. नॅकच्या मूल्यांकनात सातवा निकष ‘संस्थात्मक मूल्ये आणि उत्तम प्रथा’ असा आहे. त्यात सौरऊर्जा आहे का, एलईडी दिवे आहेत का, पावसाचं पाणी साठवता का, आवारात वाहनांना मर्यादा आहे का, सायकली वापरता का, हरित लेखापरीक्षण झालं आहे का, असं सगळं विचारतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘सतत’ नावाची पर्यावरणस्नेही परिसराची चौकटही दिलेली आहे. कागदावर यातलं काहीच वाईट नाही. आपलं मुंबई विद्यापीठ २०२१ मध्ये ३.६५ गुणांसह ए प्लस प्लस झालं, तेव्हापासून संलग्न कॉलेजांवरही श्रेणीचं दडपण वाढलं. मग एजन्सी येते, दोन दिवस फिरते, रंगीत अहवाल देते, प्राचार्य प्रमाणपत्र हातात धरून फोटो काढतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका खासगी अभिमत विद्यापीठाला चांगली श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या तपासणी पथकातल्याच लोकांना अटक केली. त्या श्रेणीच्या तराजूवर आपल्या मुलांचा उजेड-वारा तोलला जातोय, एवढं लक्षात ठेवा.

उजेड-वारा हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. आमच्या पट्ट्यातल्या एका कॉलेजात (नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न एकाच कॉलेजचा नाही) संध्याकाळी साडेनऊपर्यंत चालणारी अभ्यासिका साडेपाचला बंद करण्यात आली. कारण म्हणून नोटीस बोर्डावर दोन ओळी होत्या: ऊर्जा लेखापरीक्षणातील शिफारशीनुसार, वीज बचतीसाठी. आमच्या वस्तीतली काही मुलं तिथे बसायची. त्यांनी येऊन सांगितलं तेव्हा मी प्राचार्यांना भेटायला गेले. बाहेर चाळीस अंश. केबिनमध्ये मला शाल पांघरावीशी वाटली. सर अतिशय नम्रपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही सोशल वर्क करता, तुम्हाला तरी पर्यावरणाचं महत्त्व पटायला हवं."

पटलं. म्हणून घरी येऊन हिशोब केला. तुम्हीही करा, आठवीचं गणित आहे.

आपल्याकडे ग्रिडमधून येणारी वीज अजूनही मुख्यतः कोळशाची आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. दीड टनाचा एक एसी, कॉम्प्रेसर मधूनमधून बंद होतो हे धरून, ताशी सरासरी सव्वा युनिट खातो असं म्हणू. दिवसाचे आठ तास म्हणजे १० युनिट. वर्षातले कामाचे २०० दिवस धरले तर २,००० युनिट. म्हणजे १.४ टन कार्बन. हा एका केबिनचा, बहुतेक वेळा एका माणसाचा.

आता अभ्यासिका. वीस वॉटच्या २४ एलईडी ट्यूब आणि ७५ वॉटचे १२ जुने पंखे. सगळं एकदम चालू असलं तरी ताशी १.४ युनिटच्या आत. साडेपाच ते साडेनऊ चार तास म्हणजे साडेपाच युनिट. २०० दिवसांचे ११०० युनिट, पाऊण टनाच्या आसपास कार्बन. बसणारी मुलं ६०. माणशी तेरा किलोसुद्धा नाही.

म्हणजे एका केबिनचा एसी बंद ठेवला तर तेवढ्या विजेत जवळजवळ दोन अभ्यासिका रात्री साडेनऊपर्यंत चालतात. शिफारस मात्र अभ्यासिका बंद करण्याची झाली. एसीचं काय करायचं, हे त्या अहवालात कुठेच नाही. ‘तापमान २४ अंशांवर ठेवावे’ एवढी एक ओळ आहे म्हणे.

आणि खरी गंमत पुढेच आहे. अभ्यासिका बंद झाल्यावर ती ६० मुलं कुठे गेली? घरी. घरी गेल्यावर काय केलं? दिवा-पंखा लावला. प्रत्येकाकडे एक ट्यूब, एक पंखा धरला, तर चार तासांचे ६० घरांचे मिळून २२-२३ युनिट होतात. घरात बाकीची माणसं असतातच, दिवा तसाही चालू असतो, म्हणून निम्मे करा, तरी ११. कॉलेजात साडेपाच युनिटमध्ये जे होत होतं त्याला आता दुप्पट वीज जाते. वातावरणात कार्बन वाढला. कॉलेजच्या वहीत मात्र कमी झाला. कॉलेजला श्रेणी आणि आपल्याला बिल. प्रदूषण आवाराबाहेर ढकललं की आवार हिरवं होतं, ही युक्ती आपल्याला नवीन नाही. गावाची घाण वेशीबाहेर आणि ती उचलणाराही वेशीबाहेर, म्हणजे गाव पवित्र. आता त्याच गणिताला लेखापरीक्षकाचा शिक्का मिळाला, एवढाच फरक.

अभ्यासिका म्हणजे काय, हे केबिनमधून कळत नाही. उल्हासनगर १९४९ मध्ये कल्याणच्या लष्करी छावणीवर वसलं. फाळणीत घर गमावलेल्या सिंधी बांधवांना बॅरकांमध्ये जागा मिळाल्या. आपली माणसं आली कारखान्यांच्या, रेल्वेच्या, सफाईच्या कामाला, आणि टेकडीवर, नाल्याकाठी, रुळांकडेला जिथे जागा मिळाली तिथे राहिली. सुभाष टेकडीवर या, किंवा अंबरनाथला एमआयडीसीच्या कडेने असलेल्या कुठल्याही चाळीत. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, आत पाच माणसं, एक टीव्ही, एक गॅस. एप्रिलात रात्री दहापर्यंत पत्रा तापलेला असतो. अशा घरातल्या मुलीला एमपीएससीचा नाहीतर टीवायचा अभ्यास करायला जी चार तास शांत जागा लागते, ती अभ्यासिका. आमच्याकडे विहारातच सतरंज्या टाकून आम्ही अभ्यासिका चालवतो, पण विहाराला मर्यादा आहेत. परित्राणपाठ असला, लग्न असलं की मुलं बाहेर. समाजशास्त्रात सांस्कृतिक भांडवल नावाची संकल्पना शिकवतात. तिचा अर्थ मला एम.ए.च्या वर्गात कळला त्यापेक्षा जास्त त्या साडेपाचच्या कुलपाने कळला. ज्याच्या घरी स्वतःची खोली आहे त्याला कॉलेजची अभ्यासिका बंद झाल्याचं कळतसुद्धा नाही.

बरं, हा झाला फक्त विजेचा भाग. उत्सर्जन मोजायची जगभर मान्य असलेली पद्धत तीन कप्पे करते. पहिल्यात तुम्ही स्वतः जाळता ते: जनरेटरचं डिझेल, कॅन्टीनचा गॅस. दुसऱ्यात विकत घेतलेली वीज. तिसऱ्यात तुमच्यामुळे बाहेर घडणारं सगळं, त्यात विद्यार्थी आणि कर्मचारी रोज कसे येतात-जातात हेही येतं. वसतिगृह नसलेल्या कॉलेजात हा तिसरा कप्पा दुर्लक्ष करण्याजोगा नसतोच. आमच्याकडच्या अहवालांत तो एक तर नसतो, नाहीतर ‘महिन्यातून एक दिवस वाहनबंदी’ या एका ओळीत गुंडाळलेला असतो.

वाहनबंदी कुणाला? चांदीबाई कॉलेज उल्हासनगर स्टेशनच्या समोरच आहे. वांगणी-बदलापूरहून येणारी मुलं लोकलने येतात आणि रस्ता ओलांडून वर्गात जातात. त्यांचं वाहन कोणतं बंद करणार, चप्पल? एका लिटर पेट्रोलमागे साधारण २.३ किलो कार्बन निघतो. डोंबिवली-ठाण्याकडून रोज एकट्याने कार काढून जाऊन-येऊन ३० किलोमीटर करणाऱ्या माणसाचे वर्षाला जवळपास ९०० किलो होतात. खच्चून भरलेल्या लोकलमध्ये एका पायावर उभ्या असलेल्या मुलीच्या वाट्याला त्याच्या मानाने किरकोळ काही येतं. मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गांवरचा जुना डीसी विद्युतप्रवाह जाऊन २०१६पर्यंत सगळीकडे एसी प्रवाह आला, त्यात वीज आणखी वाचली. (हा एसी मात्र गरिबाच्या उपयोगाचा निघाला.) म्हणजे आमची मुलं आधीपासूनच ‘हरित’ आहेत, कुणी प्रमाणपत्र दिलेलं नाही इतकंच. आणि त्याची किंमत काय मोजतात? ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांच्या दारातून माणसं खाली पडली, मेली. दारात लटकणारे हौसेने लटकत नव्हते.

कलिन्याला एम.ए., एम.एस्सी. करणाऱ्या बदलापूरच्या मुलांचा हिशोब वेगळाच. बदलापूर ते सीएसएमटी अडुसष्ट किलोमीटरच्या आसपास. कलिन्यासाठी कुर्ल्याला उतरायचं, तिथून बस नाहीतर शेअर रिक्षा. दिवसाचे चार तास प्रवासात. कल्याणला विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, पण पदव्युत्तरचे बहुतेक विषय शिकायचे तर अजूनही कलिना गाठावंच लागतं. मी ‘हरित विद्यापीठ’ याचा अर्थ काय घेते सांगू? कल्याणच्या उपकेंद्रात समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, मराठी, रसायनशास्त्र यांचे पूर्ण विभाग, पूर्णवेळ प्राध्यापकांसह. आणि मुलींसाठी, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी पुरेशी वसतिगृहं. हजारो मुलांचे रोजचे शंभरेक किलोमीटर वाचतील. पण वसतिगृह बांधायला पैसे लागतात, रोपटं लावायला लागत नाहीत.

रोपट्यांचंही सांगून टाकते. दर पावसाळ्यात ‘एक विद्यार्थी एक झाड’. पूर्ण वाढलेलं झाड वर्षाला साधारण वीसएक किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं. म्हणजे त्या एका केबिनच्या एसीची भरपाई करायला ७० मोठी झाडं हवीत, आणि ती आज लावली तर दहा-पंधरा वर्षांनी कामाला येणार. दिवाळीपर्यंत रोपटं जगलं तर. उन्हाळ्यात त्याला पाणी घालायला माळी नेमलेला नसतो, कारण माळीकाकांचं पद रिकामं होऊन कैक वर्षं झाली.

पदांचा विषय निघालाच आहे तर सफाई कामगारांकडे येऊ. कॉलेजांमधली सफाई आता बहुतेक ठिकाणी ठेकेदाराकडे आहे. कामाला कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे, आडनावं वाचायची गरज नाही. ओला कचरा, सुका कचरा, असे हिरवे-निळे डबे निरीक्षण पथक यायच्या आधी येतात. मुलं दोन्हीत सगळं टाकतात. मग दोन्ही डबे ओतून हाताने वेगळं कोण करतं? हातमोज्यांशिवाय? अहवालात त्याला ‘कचऱ्याचे स्रोतापाशी वर्गीकरण’ म्हणतात. पानगळीत आवारातला पाला जाळला जातो, कारण ठेकेदार कंपोस्टच्या खड्ड्यासाठी माणूस देत नाही. उघड्यावर कचरा जाळण्यावर हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर बंदी घातली, पाच हजार रुपये दंड ठेवला. पण धूर दिसला की बोलणी खाते ती झाडू हातात असलेली मावशी. ठेक्यात कंपोस्टचं कलम का नाही, हे ठेकेदाराला किंवा संस्थेच्या सचिवाला कुणी विचारत नाही. आणि आवारातून बाहेर जाणारा कचरा शेवटी जातो कुठे? कॅम्प पाचच्या डम्पिंगवर. उन्हाळ्यात तिथे धुमसणारा धूर कुणाच्या खिडकीत जातो, हे त्या बाजूला राहणाऱ्यांना विचारा. कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून निघणारा मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो. आवारातच खड्डा काढून पाला आणि कॅन्टीनचा ओला कचरा कुजवला, त्यासाठी दोन कामगार कायम केले, किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी दिला, तर हवाही सुधारेल आणि दोन घरंही. पण हा उपाय कुठल्याही अहवालात ‘उत्तम प्रथा’ म्हणून आलेला मी वाचलेला नाही.

आता आपल्या माणसांशी बोलते. या विषयावर लिहिणार म्हटल्यावर चळवळीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "ताई, हे सगळं सवर्णांचं फॅड आहे. आपला प्रश्न आरक्षणाचा, शिष्यवृत्तीचा, अ‍ॅट्रॉसिटीचा. कार्बन-बिर्बन त्यांना करू दे."

नाही दादा. त्यांना करू दिलं म्हणूनच अभ्यासिकेला कुलूप लागलं. जिथे आपण नसतो तिथे आपल्या वाट्याचं कापलं जातं, हे आपण शंभर वर्षं शिकतोय. शिवाय पर्यावरण आपल्या दारात आलेलंच आहे. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, हजारावर प्रवाशांना बोटींनी काढलं, देशभर फोटो छापून आले. त्याच उल्हास नदीच्या पाण्यात हेंद्रेपाडा, रमेशवाडी दरवेळी बुडतात, त्यांचे फोटो किती छापले? नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनीत टँकरमधून रसायन ओतलं गेलं आणि काठावरच्या शेकडो लोकांना श्वास लागून दवाखान्यात न्यावं लागलं. नंतर न्यायालयाच्या बडग्याने जीन्स धुण्याचे कारखाने बंद झाले. ते व्हायलाच हवं होतं. पण कारखान्यात हात निळे करून घेणाऱ्या मजुराला ना नुकसानभरपाई, ना दुसरं काम. नदी नासली तेव्हाही आपण, नदी वाचवली तेव्हाही आपणच. म्हणून या टेबलावर आपली खुर्ची पाहिजे.

आणि वीज तर बाबासाहेबांचाच विषय. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा पाणी आणि वीज ही खाती त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्याची योजना, १९४४चं केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ, १९४५चा केंद्रीय जलमार्ग आयोग, यांच्या उभारणीत त्यांचा हात आहे. वीज कशासाठी, हा प्रश्न त्यांनी मांडला होता. त्यांचा युक्तिवाद साधा होता: शेतीवर कोंबलेली माणसं दारिद्र्यातून सोडवायची तर उद्योग हवेत, उद्योग हवेत तर स्वस्त आणि मुबलक वीज हवी, आणि ती नफ्याच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. वीज त्यांच्या लेखी गुलामीतून सुटण्याचं साधन होतं. तेव्हा "वीज वाचवा" असं कुणी सांगितलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, कशावर खर्च होणारी वीज? चैनीवर की सुटकेवर? सरासरी भारतीय माणूस वर्षाला सगळं मिळून दोन टनांच्या आसपास कार्बन सोडतो. जगाची सरासरी साडेचार टनांच्या वर. सुभाष टेकडीवरच्या घराची सरासरी काढली तर ती दोन टनांच्याही बरीच खाली असणार, त्यासाठी अहवालाची गरज नाही, वीजबिल पुरे. २०७०पर्यंत निव्वळ शून्य गाठू असं भारताने २०२१ मध्ये ग्लासगोला जाहीर केलं. त्या शून्याकडे जाताना आधी कुणी खाली उतरायचं, याचा निर्णय आपल्याला वगळून होऊ नये.

बाबासाहेबांनी कॉलेजं कशी काढली तेही बघा. १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना जमावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. औरंगाबादला मिलिंदच्या परिसराला नाव दिलं नागसेनवन. वन! झाडीही होती आणि खेड्यापाड्यातून आलेल्या मुलांसाठी वसतिगृहंही होती. झाड आणि वसतिगृह, दोन्ही एकाच आवारात, एकाच माणसाच्या डोक्यातून. आजच्या पर्यावरणवाल्यांना यातलं एकच आठवतं.

मग करायचं काय? काही गोष्टी इतक्या सोप्या आहेत की त्या होत नाहीत याचंच आश्चर्य वाटतं. जुना ७५ वॉटचा पंखा काढून बीएलडीसी पंखा लावला तर तोच वारा तीसएक वॉटमध्ये मिळतो. वर्गातले आणि अभ्यासिकेतले पंखे आधी बदला, केबिनचा नंबर शेवटी. गच्चीवर सौर पॅनेल जरूर लावा. एक किलोवॉटला दिवसाला साधारण चार युनिट मिळतात, सुटीच्या दिवशीची वीज नेट मीटरिंगने महावितरणला जाते, बिल उतरतं. फक्त एक गोष्ट विद्यार्थ्यांनी समजून घ्यावी, कारण विक्रेते सांगत नाहीत. ग्रिडला जोडलेली साधी सौर यंत्रणा वीज गेली की आपोआप बंद पडते, नाहीतर लाइनवर काम करणारा वायरमन शॉक लागून मरेल. त्यामुळे बॅटरी नसेल तर बदलापुरात लाइट गेल्यावर डोक्यावर पॅनेल आणि खाली घामाघूम वर्ग, असं दृश्य दिसणार. म्हणून अभ्यासिकेपुरती तरी बॅटरी मागा, दीड किलोवॉटच्या जोडणीला ती काही डोंगराएवढी लागत नाही. आणि सौरवर वाचलेल्या बिलाचे पैसे कुठे गेले ते दरवर्षी विचारा. ते अभ्यासिकेच्या वेळेत दिसले पाहिजेत.

विचारायचं कसं, तर रस्ता कायद्यातच आहे. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते आणि तिच्यात विद्यार्थी प्रतिनिधीला जागा आहे. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षातही आहे. त्या जागांवर कोण बसलंय, हे आधी शोधा. अनेकदा त्या मुलालाच माहीत नसतं की तो सदस्य आहे. वार्षिक गुणवत्ता अहवाल कॉलेजच्या वेबसाइटवर टाकावा लागतो, सातव्या निकषाचं पान उघडा, तिथे काय काय केल्याचं लिहिलंय ते वाचा आणि आवारात फिरून ताडून बघा. दुपार मजेत जाईल, शब्द देते.

आणि अनुदानित कॉलेज असेल तर माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही नाही, उत्तराची मुदत तीस दिवस. आमच्या गटातल्या मुलांनी अर्जाचा मसुदा तयार केला आहे. त्यात गेल्या तीन वर्षांची महिनावार वीजबिलं मागितली आहेत, आवारातल्या एसींची संख्या आणि ते कोणकोणत्या खोल्यांत आहेत, ऊर्जा आणि हरित लेखापरीक्षणाचा पूर्ण अहवाल, ते करणाऱ्या एजन्सीला दिलेली रक्कम, सफाई ठेक्याच्या कराराची प्रत, आणि अभ्यासिकेची वेळ कमी करण्याचा ठराव कोणत्या बैठकीत, कोणाच्या उपस्थितीत झाला त्या इतिवृत्ताची प्रत. शेवटचा मुद्दा गाळू नका, बहुतेक वेळा असा ठराव झालेलाच नसतो. अंबरनाथ-बदलापूरच्या मुलामुलींना मसुदा हवा असेल तर रविवारी सकाळी वंदना झाल्यावर विहारात या, वही-पेन घेऊन या. झेरॉक्सचे पैसे आम्ही भरू.